मधुमेहींची मूत्रपिंडे आणि घराण्याचा वारसा

मधुमेह असलेल्यांपैकी कोणाची मूत्रपिंडे बिघडतात, कोणाची शाबूत राहतात आणि यात आनुवंशिकतेचा वाटा किती, असे विचारणारी बरीच पत्रे आली. त्यांपैकी सहा पत्रांना येथे उत्तरे देत आहे. पत्रे संक्षिप्त केली आहेत आणि लिहिणाऱ्यांची नावे गाळली आहेत.

प्रश्न : माझ्या आईला मधुमेह होता. तिची मूत्रपिंडे निकामी झाली आणि शेवटची तीन वर्षे ती डायलिसिसवर होती. माझे वय आता ४८ आहे. सात वर्षांपूर्वी मला टाइप-२ मधुमेह निघाला आणि गेल्या वर्षी धाकट्या भावालाही निघाला. आईचे जे झाले तेच आमचे होणार, असे मनाने घेतले आहे. आमच्या हातात काही आहे का?

उत्तर : तीन वर्षे आईला डायलिसिसला नेणाऱ्या मुलीच्या मनात ही भीती बसणे अगदी स्वाभाविक आहे. म्हणून आधी स्पष्ट उत्तर देतो. आपल्याला धोका इतर मधुमेहींपेक्षा जास्त आहे, पण आईचे झाले तेच आपले होणार, असे मुळीच ठरलेले नाही.

मधुमेह असलेल्या शंभर जणांपैकी ढोबळमानाने तीस ते चाळीस जणांना आयुष्यात कधी ना कधी मूत्रपिंडाचा आजार होतो. बाकीच्यांना, कित्येकदा दशकानुदशके मधुमेह असूनही, तो होत नाही. हा फरक एकेका कुटुंबात एकवटलेला दिसतो, हे ठळकपणे पुढे आले ते १९८९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या, अमेरिकेतील मिनेसोटा येथील एका अभ्यासातून. ज्या घरांत एकाहून अधिक भावंडांना टाइप-१ मधुमेह (शरीर इन्सुलिन जवळजवळ बनवतच नाही तो प्रकार) होता, अशी घरे त्यात निवडली होती. एका भावंडाची मूत्रपिंडे मधुमेहाने निकामी झाली असतील, तर मधुमेह असलेल्या दुसऱ्या भावंडांपैकी ८३ टक्क्यांमध्ये मूत्रपिंडाच्या आजाराची चिन्हे सापडली. पहिल्या भावंडाची मूत्रपिंडे चांगली असतील, तर हेच प्रमाण १७ टक्के होते. तपासलेल्या व्यक्तींची संख्या लहान होती, पण फरक इतका मोठा होता की त्यानंतर कोणालाही आनुवंशिकतेकडे दुर्लक्ष करता आले नाही. पुढच्याच वर्षी अमेरिकेतील पिमा या आदिवासी समाजातील टाइप-२ मधुमेहाचा अभ्यास प्रसिद्ध झाला. आईवडील दोघांनाही मधुमेह आहे पण कोणाच्याही लघवीतून प्रथिने जात नाहीत, अशा घरांतील मधुमेही अपत्यांपैकी सुमारे १४ टक्क्यांच्या लघवीत प्रथिने आढळली. एका पालकाच्या लघवीत प्रथिने असतील तर सुमारे २३ टक्के आणि दोघांच्याही असतील तर सुमारे ४६ टक्के अपत्यांमध्ये ती आढळली.

हे आकडे उलट्या बाजूनेही वाचावेत, अशी माझी विनंती आहे. आई आणि वडील दोघांकडून हा वारसा आलेल्या अपत्यांपैकीही निम्म्याहून अधिक जणांच्या लघवीत प्रथिने नव्हती, आणि ही गोष्ट आज वापरात असलेली बहुतेक औषधे उपलब्ध होण्यापूर्वीची आहे.

आणखी एक भेद लक्षात घ्यावा. मधुमेह होण्याची प्रवृत्ती हा एक वारसा आहे आणि मधुमेहात मूत्रपिंड बिघडण्याची प्रवृत्ती हा दुसरा. दोन्हींमागची जनुके बव्हंशी वेगवेगळी आहेत. आपल्याकडे पहिला वारसा आलेला दिसतोच आहे, पण त्याबरोबर दुसराही आलाच असेल असे नाही. आपल्याकडे आला नसताना भावाकडे आला असेल, किंवा याच्या उलटही असू शकेल. शिवाय एका घरातील माणसांची जनुकेच तेवढी सारखी असतात असे नाही. मिठाचे प्रमाण, तंबाखूची सवय, वाढलेल्या रक्तदाबाकडे काणाडोळा करणे, दुखण्यावर सतत वेदनाशामक गोळ्या घेणे हेही एका घरात एका पिढीकडून दुसरीकडे जाते. कुटुंबात आजार एकवटतो यातला काही भाग या सवयींचा असतो, आणि तो बदलता येतो.

आता हातात काय आहे ते सांगतो. टाइप-२ मधुमेहात निदान झाल्या दिवसापासून दरवर्षी दोन तपासण्या झाल्याच पाहिजेत : लघवीतील अल्ब्युमिन (रक्तातील एक प्रथिन) आणि क्रिएटिनिन (स्नायूंतून निघणारा, मूत्रपिंडे बाहेर टाकतात तो टाकाऊ पदार्थ) यांचे गुणोत्तर, आणि रक्तातील क्रिएटिनिनवरून काढलेला मूत्रपिंडांचा रक्त गाळण्याचा वेग, ज्याला अहवालात ईजीएफआर म्हटलेले असते. टाइप-१ मधुमेहात त्या साधारणपणे पाच वर्षांनंतर सुरू करतात. “माझी लघवी तपासली, नॉर्मल आहे” असे अनेक जण सांगतात, तेव्हा बहुधा साध्या पट्टीवरची तपासणी झालेली असते, आणि अल्ब्युमिन थोड्या प्रमाणात जात असेल तर ती पट्टी ते पकडत नाही. गुणोत्तर एका ग्रॅम क्रिएटिनिनमागे ३० मिलिग्रॅमपेक्षा कमी असेल तर ठीक. ३० ते ३०० असेल तर मूत्रपिंड इशारा देत आहे, आणि बरेच काही करता येण्याजोगा टप्पा हाच असतो. एकदा आकडा वाढलेला आला म्हणून घाबरून जाऊ नये. ताप, लघवीतील जंतुसंसर्ग, मासिक पाळी किंवा आदल्या दिवशीचा जोरकस व्यायाम यांनीही तो तात्पुरता वाढतो. तीन ते सहा महिन्यांत केलेल्या तीन तपासण्यांपैकी दोन बिघडलेल्या आल्या, तरच निदान पक्के धरतात. भावाची तपासणी अजून झाली नसेल, तर त्याला याच आठवड्यात पाठवावे. वर्षापूर्वी निदान झाले असले, तरी टाइप-२ मधुमेह निदानाच्या आधी कित्येक वर्षे शरीरात मुरलेला असू शकतो.

प्रश्न : मला पंधरा वर्षे मधुमेह आहे. पथ्य, औषधे, चालणे यांत मी कधीही खंड पडू दिला नाही. तरी लघवीतून प्रथिने जाऊ लागली आहेत. माझा एक मित्र तीस वर्षांचा मधुमेही आहे, साखरेची त्याने कधी पर्वा केली नाही आणि त्याची मूत्रपिंडे ठणठणीत आहेत. सगळे जनुकांवरच असेल, तर मी एवढे कष्ट कशासाठी घेतले?

उत्तर : आपल्या पत्रातील वेदना मला समजते. आपल्यासारखे रुग्ण आणि आपल्या मित्रासारखे रुग्ण दोन्ही मी पाहिले आहेत, आणि त्यांच्यातला फरक साखरेच्या आकड्यांनी पूर्णपणे उलगडत नाही हे खरे आहे. अमेरिकेतील बोस्टन येथील जोसलिन मधुमेह केंद्राने पन्नास वर्षांहून अधिक काळ टाइप-१ मधुमेहासह जगलेल्या व्यक्तींचा अभ्यास केला, तेव्हा त्यांतील बहुसंख्यांची मूत्रपिंडे चांगली असल्याचे दिसले. अशा माणसांच्या शरीरात संरक्षण देणारे काही तरी असले पाहिजे.

ते काय असू शकते, याचे एक उदाहरण देतो. प्रत्येक मूत्रपिंडात सरासरी दहा लाखांच्या आसपास सूक्ष्म गाळण्या असतात. प्रत्येक गाळणीच्या भिंतीत एक अतिशय पातळ पडदा असतो आणि त्याची वीण ‘टाइप-४ कोलॅजेन’ या प्रथिनाच्या धाग्यांची असते. मधुमेहात दिसणाऱ्या पहिल्या बदलांपैकी एक म्हणजे हा पडदा जाड होणे. या कोलॅजेनचा एक धागा बनवण्याची कृती सीओएल४ए३ या जनुकात लिहिलेली असते. २०१९ मध्ये युरोपीय वंशाच्या, टाइप-१ मधुमेह असलेल्या १९,००० हून अधिक व्यक्तींच्या जनुकांची पाहणी प्रसिद्ध झाली. त्यात असे आढळले की या जनुकात एका ठिकाणी एका अक्षराचा फरक असलेल्या व्यक्तींना मूत्रपिंडाचा आजार होण्याची शक्यता सुमारे एक पंचमांशाने कमी असते, आणि आजाराचे कोणतेही चिन्ह दिसण्यापूर्वीच त्यांच्या गाळणीचा पडदा इतरांपेक्षा पातळ असतो. याच जनुकातील अधिक गंभीर बिघाडांमुळे मधुमेहाशी संबंध नसलेला ‘अल्पोर्ट’ नावाचा आनुवंशिक मूत्रपिंडविकार होतो, हे आधीपासून माहीत होते. त्यामुळे हा शोध योगायोगाचा वाटत नाही. रोगाच्या मुळाशी जाणारा धागा हाती आला, असे मला वाटते.

मात्र त्याच अभ्यासातील पुढचा निष्कर्ष आपल्या प्रश्नाचे खरे उत्तर आहे. या जनुकीय फरकाचा परिणाम रक्तातील साखरेच्या पातळीवर अवलंबून होता. म्हणजे जनुक आणि साखर या दोन वेगळ्या वाटा नाहीत. वाढलेल्या साखरेचा मारा होतो, तेव्हाच भिंत कणखर आहे की नाजूक याची कसोटी लागते. भिंत नाजूक असलेल्याने मारा कमी ठेवला, तर त्याचा लाभ कणखर भिंतीच्या माणसापेक्षा कमी होत नाही. माझ्या मते तो अधिकच होतो. आपण पंधरा वर्षे पथ्य पाळले नसते, तर आज लघवीत दिसणारी प्रथिने कदाचित सहा-सात वर्षांपूर्वीच दिसली असती आणि आज आपण डायलिसिसविषयी विचारत असता.

याला पुरावा आहे. अमेरिका आणि कॅनडात १९८३ ते १९९३ या काळात टाइप-१ मधुमेहाच्या १,४४१ रुग्णांवर झालेल्या प्रयोगात साखरेवर काटेकोर नियंत्रण ठेवलेल्या गटात लघवीत अल्प प्रमाणात अल्ब्युमिन दिसू लागण्याचा धोका ३९ टक्क्यांनी आणि मोठ्या प्रमाणात जाण्याचा धोका ५४ टक्क्यांनी घटला. प्रयोग संपल्यावर दोन्ही गटांची साखर हळूहळू सारख्याच पातळीवर आली, तरी आधी काटेकोर राहिलेल्या गटाच्या मूत्रपिंडांना त्याचा लाभ पुढे अनेक वर्षे मिळत राहिला. शरीराला चांगल्या दिवसांची आठवण राहते, असे याचे वर्णन करतात. वाढलेली साखर जनुकांची अक्षरे बदलत नाही, पण कोणते जनुक किती बोलेल हे ठरवणाऱ्या रासायनिक खुणा बदलू शकते, आणि त्या खुणा दीर्घकाळ टिकतात. ही ‘आठवण’ काही अंशी त्या खुणांत साठवलेली असावी, असे संशोधक मानतात. आपले पंधरा वर्षांचे कष्ट अशा रीतीने आपल्या शरीरात जमा आहेत.

गाळण्यांची संख्या हाही एक वारसाच आहे. ती माणसामाणसांत फार बदलते, एका मूत्रपिंडात साधारण दोन लाखांपासून वीस लाखांपर्यंत. मुळात कमी गाळण्या घेऊन जन्मलेल्या माणसाच्या प्रत्येक गाळणीवर जास्त भार पडतो आणि मधुमेहाचा अतिरिक्त ताण तिला लवकर थकवतो.

एक गोष्ट मात्र डॉक्टरांना आवर्जून विचारावी. आपली साखर इतकी वर्षे ताब्यात असेल आणि डोळ्यांच्या पडद्यावर मधुमेहाचे काहीही परिणाम दिसत नसतील, तर लघवीतील प्रथिनांचे कारण मधुमेहच आहे ना? मधुमेही माणसाला मूत्रपिंडाचे इतर विकारही होतात, आणि त्यांतील काहींवर पूर्णपणे वेगळे उपचार असतात. लघवीत रक्तपेशी दिसणे, प्रथिने अचानक खूप वाढणे किंवा क्रिएटिनिन वेगाने चढणे ही शंका घेण्याची कारणे आहेत. अशा वेळी मूत्रपिंडाचा सूक्ष्म तुकडा काढून तपासण्याचा, म्हणजे बायोप्सीचा सल्ला दिला गेला, तर तो टाळू नये. आपला बिघाड ‘नशिबाचा’ मानून त्याकडे पाहणेच सोडून दिले, असे होऊ नये.

प्रश्न : लाळेच्या नमुन्यावरून “तुमची मूत्रपिंडे निकामी होणार का” हे सांगणारी जनुकीय चाचणी उपलब्ध असल्याची जाहिरात पाहिली. त्यात ‘एसीई’ आणि ‘एपीओएल-१’ अशी जनुकांची नावे होती. मधुमेह असलेल्या माझ्या वडिलांची ही चाचणी करावी का?

उत्तर : वडिलांचा मधुमेह नेहमीच्या प्रकारचा असेल, तर माझे उत्तर ‘करू नये’ असे आहे. त्याची कारणे सविस्तर सांगतो, कारण अशा चाचण्या विकत घेणारी माणसे काळजीपोटीच त्या घेतात.

एसीई या जनुकाची कहाणी बोलकी आहे. आपल्या शरीरात रक्तदाब वाढवणारे संप्रेरक तयार करणारे एक विकर (एन्झाइम) असते आणि हे जनुक ते विकर बनवते. काही व्यक्तींमध्ये या जनुकात २८७ अक्षरांचा एक जादा तुकडा असतो, काहींमध्ये तो नसतो, हे १९९० मध्ये फ्रान्समधील संशोधकांनी दाखवले. तो नसलेल्यांच्या रक्तात विकराचे प्रमाण अधिक असते. मूत्रपिंडाला वाचवणारी काही औषधे नेमके हेच विकर रोखतात, त्यामुळे तुकडा नसलेल्यांना धोका जास्त असणार, हा तर्क आकर्षक होता. त्यावर जगभर असंख्य अभ्यास झाले. काहींत संबंध दिसला, काहींत दिसला नाही. सगळे एकत्र केल्यावर परिणाम उरला तो माफक. जपानमधील संशोधकांनी २००५ मध्ये पुढे आणलेले ईएलएमओ-१ हे जनुक आणि त्याच वर्षी युरोपमधून पुढे आलेले कार्नोसिनेज या विकराचे जनुक यांच्या बाबतीतही कमीअधिक असेच घडले. ज्या जनुकावर संशय असेल ते एकटे उचलून तपासायचे, ही पद्धतच अपुरी होती.

मग सगळीच जनुके एकाच वेळी चाळण्याचे तंत्र आले. त्यासाठी हजारो रुग्णांची वर्षानुवर्षांची नोंद लागते. टाइप-१ मधुमेहाचे प्रमाण जगात सर्वाधिक असलेल्या फिनलंडमध्ये अशी नोंद १९९७ पासून ठेवली जात होती, आणि या विषयातील मोठे शोध त्या नोंदींशिवाय शक्य झाले नसते. वर उल्लेखलेल्या २०१९ च्या पाहणीत जनुकसंचातील सोळा ठिकाणे सापडली. परंतु त्यांतील प्रत्येक ठिकाणाचा वाटा लहान आहे. या आजारामागे एखादे ‘खलनायक’ जनुक नसून अनेक लहान लहान फरकांची बेरीज आहे, आणि त्या बेरजेला साखर, रक्तदाब, वजन, धूम्रपान यांची जोड मिळते. ही बेरीज करून धोक्याचा एक आकडा काढता येतो, पण त्यासाठी वापरलेली माहिती बहुतांशी युरोपीय वंशाच्या लोकांची आहे. एका वंशाच्या माहितीवरून बांधलेला अंदाज दुसऱ्या वंशाच्या माणसाला लावला की तो ढासळतो. ज्या समाजांत मधुमेह आज सर्वाधिक वेगाने वाढत आहे, त्यांच्या जनुकांची पाहणी सर्वात कमी झालेली असावी, ही या शास्त्रातील खंत वाटण्याजोगी उणीव आहे.

एपीओएल-१ ची गोष्ट वेगळी आहे. २०१० मध्ये प्रसिद्ध झालेल्या शोधानुसार या जनुकाची दोन विशिष्ट रूपे आफ्रिकी वंशाच्या लोकांत आढळतात. निद्रारोगाला कारण असलेल्या परजीवीपासून ती संरक्षण देतात, म्हणूनच ती पिढ्यान्‌पिढ्या टिकली आणि पसरली. पण आई व वडील दोघांकडूनही अशी रूपे आली, तर मूत्रपिंडाच्या आजाराचा धोका बराच वाढतो. अमेरिकेतील आफ्रिकी वंशाच्या सुमारे १३ टक्के लोकांमध्ये अशी दुहेरी रूपे असतात, आणि मूत्रपिंडाचा आजार आधीच सुरू झाला असेल तर तो त्यांच्यात अधिक वेगाने वाढतो, मधुमेह असो वा नसो. आफ्रिकी वंशाचा संबंध नसलेल्या व्यक्तींत ही रूपे जवळपास सापडत नाहीत. तेव्हा आपल्या वडिलांचे पूर्वज आफ्रिकी नसतील, तर या चाचणीतून त्यांना काही कळणार नाही.

शेवटचे कारण मला सर्वात महत्त्वाचे वाटते. चाचणीचा निकाल काहीही आला, तरी उपचार बदलत नाही. एसीई रोखणारे औषध द्यायचे की नाही, हे लघवीतील अल्ब्युमिन आणि रक्तदाब पाहून ठरते. त्या जादा तुकड्याच्या असण्या-नसण्यावरून ते कोणी ठरवत नाही, ठरवूही नये. ‘धोका कमी’ असे उत्तर आले आणि वडिलांनी वार्षिक तपासणी सोडली, तर चाचणीने त्यांचे नुकसानच केले असे होईल. त्याऐवजी वडिलांजवळ बसून एक कागद भरावा : घरात मधुमेह कोणाकोणाला होता, कितव्या वर्षी निघाला, कोणाची मूत्रपिंडे बिघडली, मधुमेहानंतर किती वर्षांनी, डोळ्यांवर परिणाम झाला होता का, रक्तदाब कोणाला होता. आत्याला, काकांना, मामांना विचारावे. घराण्याचा हा इतिहास जनुके आणि सवयी दोन्हींची साक्ष एकदम देतो. तो कागद पुढच्या भेटीत डॉक्टरांना दाखवावा.

प्रश्न : माझ्या पुतण्याचे वय २३ आहे, अंगाने बारीक आहे. त्याला मधुमेह निघाला आणि त्याच वेळी सोनोग्राफीत मूत्रपिंडांवर गाठी दिसल्या. घरात कोणालाही असे नाही. डॉक्टर जनुकीय चाचणी करू म्हणतात. ती आवश्यक आहे का?

उत्तर : होय, आणि वरच्या पत्राला ‘नको’ म्हटल्यावर येथे ‘होय’ म्हणण्यात विसंगती नाही. अनेक लहान फरकांच्या बेरजेने होणारा नेहमीचा आजार आणि एकाच जनुकाच्या बिघाडाने होणारा आजार या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

बारीक अंगयष्टी, तरुण वय, मधुमेहाला कारण धरता येणार नाही इतक्या लवकर दिसलेला मूत्रपिंडाचा दोष आणि द्रवाने भरलेल्या गाठी, असे चित्र असेल तर एचएनएफ-१-बी या जनुकाचा बिघाड मनात येतो. गर्भावस्थेत मूत्रपिंड आणि स्वादुपिंड दोन्हींच्या जडणघडणीत या जनुकाचा सहभाग असतो, म्हणून दोन्ही एकदम बिघडतात. जवळपास निम्म्या रुग्णांत हा बिघाड त्यांच्यातच नव्याने झालेला असतो, त्यामुळे घरात कोणालाही नसणे हे त्याच्या विरुद्ध जाणारे लक्षण नाही. निदान पक्के झाले, तर मूत्रपिंडाच्या दोषाचे खापर साखरेवर फुटणार नाही, इन्सुलिनची गरज वेळीच ओळखता येईल आणि पुढे अपत्यांचा विचार करताना प्रत्येक अपत्याला हा बिघाड जाण्याची शक्यता निम्मी असते, हे त्याला माहीत असेल.

याच प्रकारातील आणखी एक विकार सांगून ठेवतो, कारण तो पुष्कळदा निसटतो. आईकडून आलेला मधुमेह आणि त्यासोबत तरुणपणीच कमी झालेले ऐकू येणे, अशी जोडी घरात दिसत असेल, तर पेशीतील ऊर्जाकेंद्रांच्या, म्हणजे मायटोकॉन्ड्रियांच्या जनुकांत दोष असू शकतो. हा दोष आईकडूनच येतो, वडिलांकडून येत नाही. त्यातही मूत्रपिंडे बिघडतात, आणि मेटफॉर्मिन हे मधुमेहाचे नेहमीचे औषध अशा रुग्णांत सहसा टाळतात. म्हणून घराण्याचा कागद भरताना ‘कोणाला कमी ऐकू येत होते का’ हाही प्रश्न त्यात असावा.

प्रश्न : मोठ्या भावाची मूत्रपिंडे मधुमेहामुळे निकामी झाली आहेत. मी ३४ वर्षांचा आहे, मला मधुमेह नाही, त्याला माझे मूत्रपिंड द्यायचे आहे. पण मलाही पुढे मधुमेह झाला तर?

उत्तर : आपला प्रश्न अगदी योग्य आहे आणि तो विचारण्यात भावावरचे प्रेम कुठेही कमी ठरत नाही. सख्ख्या भावाचे मूत्रपिंड जुळण्याची शक्यता चांगली असते, पण त्याच्याशी असलेले हेच रक्ताचे नाते आपला स्वतःचा धोकाही वाढवते. दाता जितका तरुण, तितके पुढचे आयुष्य मोठे आणि मधुमेह होण्याचा अवधीही मोठा. त्यामुळे ५५ वर्षांच्या निरोगी भावापेक्षा ३४ वर्षांच्या भावाच्या बाबतीत प्रत्यारोपण करणारे डॉक्टर अधिक सावध असतात. उपाशीपोटीची साखर, ग्लुकोज पिऊन दोन तासांनी केलेली तपासणी, वजन, रक्तदाब, लघवीतील अल्ब्युमिन हे सगळे पाहून निर्णय घेतला जातो. भावाच्या आजाराचे कारण खरोखर मधुमेहच होते का, याची खात्री झालेली नसेल, तर आनुवंशिक मूत्रपिंडविकारांसाठी जनुकीय चाचणी करणे उचित ठरते. आपल्याला नकार मिळाला, तर तो आपल्या रक्षणासाठी आहे असे समजावे. घरातील वयाने मोठे नातेवाईक दाते होऊ शकतात का, हेही पाहावे.

प्रश्न : आमच्या घराण्यात तीन जणांची मूत्रपिंडे मधुमेहाने गेली. आता माझ्या लघवीत अल्ब्युमिन येऊ लागले आहे. डॉक्टरांनी दोन नवी औषधे लिहून दिली. वारसाच असा असेल, तर औषधांचा उपयोग होईल का? पहिले औषध सुरू केल्यावर क्रिएटिनिन उलट वाढले, म्हणून मी ते बंद केले आहे.

उत्तर : उपयोग होतो, आणि बंद केलेल्या औषधाविषयी आजच डॉक्टरांशी बोलावे.

१९९३ मध्ये टाइप-१ मधुमेहाच्या ४०९ रुग्णांवरील प्रयोगात कॅप्टोप्रिल या एसीई रोखणाऱ्या औषधाने क्रिएटिनिन दुप्पट होण्याचा धोका जवळपास निम्म्यावर आणला. २००१ मध्ये लोसार्टन आणि इर्बेसार्टन या औषधांचा लाभ टाइप-२ मधुमेहात सिद्ध झाला. त्यानंतर बराच काळ नवे काही आले नाही. मग २०१९ मध्ये ४,४०१ रुग्णांवरील प्रयोगात कॅनाग्लिफ्लोझिनने मूत्रपिंड निकामी होण्यासारख्या गंभीर घटनांचा धोका ३० टक्क्यांनी कमी केला, २०२० मध्ये फिनेरेनोन आणि २०२४ मध्ये सेमाग्लुटाइड यांचेही मूत्रपिंडाला लाभ होतात असे दिसले. यांपैकी कोणत्याही प्रयोगात रुग्णांची निवड जनुके पाहून केलेली नव्हती. मधुमेहाने बिघडलेल्या मूत्रपिंडांचे रुग्ण त्यांत घेतले होते, म्हणजे घराण्याचा वारसा असलेले आपल्यासारखे लोक त्यांत असणारच. औषधे गाळण्यांवरील दाब आणि दाह कमी करतात. भिंत नाजूक असण्याचे कारण काय, याच्याशी त्यांना देणेघेणे नसते.

आता क्रिएटिनिनविषयी. ही औषधे गाळणीच्या आतील वाढलेला दाब उतरवतात, त्यामुळे सुरुवातीला गाळण्याचा वेग किंचित कमी होतो आणि क्रिएटिनिन थोडे चढते. पहिल्या चार आठवड्यांत ही वाढ आधीच्या आकड्याच्या ३० टक्क्यांपर्यंत असेल, तर एसीई रोखणारे किंवा लोसार्टनसारखे औषध सहसा चालूच ठेवतात. ते बंद करणे म्हणजे मूत्रपिंडाला मिळणारा आराम काढून घेणे होय. वाढ त्याहून अधिक असेल किंवा रक्तातील पोटॅशियम चढले असेल, तर कारण शोधून मात्रा बदलावी लागते. म्हणूनच औषध सुरू केल्यावर किंवा मात्रा वाढवल्यावर दोन ते चार आठवड्यांत क्रिएटिनिन आणि पोटॅशियम तपासायचे असते. उलट्या, जुलाब किंवा तीव्र ताप असेल, अन्नपाणी घेता येत नसेल, तर यांतील काही औषधे तेवढ्यापुरती थांबवावी लागतात. कोणती थांबवायची आणि पुन्हा कधी सुरू करायची, हे डॉक्टरांकडून आत्ताच लिहून घेऊन ठेवावे. गरोदरपणात किंवा गरोदर राहण्याचा विचार असेल तेव्हा एसीई रोखणारी आणि लोसार्टनच्या गटातील औषधे चालत नाहीत, हे घरातील तरुण मुलींनाही सांगून ठेवावे.